मॅडमना हवा असलेला अर्ज

"राहू दे. ठेव ती पळी."

रेक्टर मॅडम माझ्यासमोर उभ्या होत्या. माझ्या हातात आमटीची पळी होती आणि समोर सगळं वसतिगृह जेवायला बसलेलं होतं. आमच्याकडे दोन मावशी स्वयंपाक करतात आणि मुली आळीपाळीने वाढतात. माझा वार मंगळवार. सोलापूरचा मार्च महिना, स्वयंपाकघरातली वाफ, म्हणून मी बाह्या वर केल्या होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे होते. त्यांच्यावर पांढरे पापुद्रे.

"हे काय आहे?"

"भाजलंय मॅडम. चुलीवर."

मी खोटं बोलले. खरं नाव मला माहीत होतं, पण ते सगळ्यांसमोर तोंडातून निघेना.

मॅडमनी वाकून बघितलं. हात मात्र मागे बांधलेले होते. "भाजल्याचं असं नसतं. तुमच्या घरी मेंढरं आहेत ना? मेंढरांचंच असणार काहीतरी."

पंगतीत कुणीतरी हसलं. मग मॅडम मावशींना म्हणाल्या, "पातेलं बदला."

आमटी अर्ध्याहून जास्त होती. मावशींनी माझ्याकडे न बघता पातेलं उचललं आणि मागच्या दाराने मोरीवर नेलं. ओतल्याचा आवाज आत सगळ्यांना ऐकू आला.

मी काय केलं? मी "सॉरी मॅडम" म्हणाले. माझ्या हाताला चट्टे आहेत म्हणून मी माफी मागितली. हे लिहिताना अजून लाज वाटते.

मला सोरायसिस आहे. अकरावीत असताना सुरू झाला. आधी डोक्यात, मग कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर. आमच्या मंद्रूपकडे कुणी त्याला गजकर्ण म्हणालं, कुणी रक्त तापलंय म्हणालं. आईने पाला लावला, तेल लावलं. बी.एस्सी.ला सोलापुरात आल्यावर मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, हा शिवल्याने होत नाही, जंतूंचा नाही, स्वच्छतेचा नाही. बराच काळ राहतो, आटोक्यात ठेवता येतो. त्यांनी मला लाइट घ्यायला सांगितलं.

लाइट म्हणजे माणूस उभा राहील एवढं कपाट. आत चारी बाजूंनी उभ्या नळ्या. काळा गॉगल घालायचा, कपडे काढायचे, हात थोडे लांब धरून उभं राहायचं. दार लागलं की निळसर उजेड होतो आणि पंखा घरघरतो. सुरुवातीला काही सेकंदच देतात. अंगाला सोसलं तर पुढच्या वेळी थोडे वाढवतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिल्या दिवशी मी आत रडले होते. वेदना काहीच नव्हती. एवढ्या उजेडात मी स्वतःला कधी उघडं बघितलं नव्हतं, म्हणून.

त्या मंगळवारनंतर मला एकच पाहिजे होतं. पुढच्या मंगळवारच्या आत हात स्वच्छ. आईला फोन केला. मॅडमचं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की लवकर कसं जाईल.

आई म्हणाली, "त्या यंत्रात उजेडच हाय न्हवं? मग ऊन काय वायलं हाय का? आपलं अख्खं घराणं उन्हात मेंढरामागं हिंडलं. कुणाला काय झालं न्हाय. गच्चीवर जाऊन उभी ऱ्हा की."

मला पटलं. मी विज्ञान शिकणारी मुलगी, आणि मला ते पटलं. आमच्या घरात उन्हाला माप नसतं. ऊन म्हणजे दिवस. बुधवारी लाइट घेतला आणि तशीच येऊन भर बारा वाजता वसतिगृहाच्या गच्चीवर हात वर करून उभी राहिले. गुरुवारीही उभी राहिले. दोरीवरच्या चादरींच्या आड, कुणाला दिसू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी हात टरारून लाल झाले होते. कुर्त्याची बाहीसुद्धा सोसवेना. लाइट देणाऱ्या सिस्टरांनी बघितलं आणि गॉगल परत ठेवून दिला.

"उन्हात गेली होतीस?"

"हो."

"आम्ही इथं सेकंद मोजून देतो, आणि तू जाऊन दुपार घेऊन आलीस. आता आग जाईपर्यंत लाइट बंद."

त्या चिडून बोलल्या, पण बोलता बोलता माझा हात त्यांनी आपल्या हातात घेऊन मलम लावलं. हातमोजे घातले नव्हते. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. आईच्या वयाच्या. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. त्यांनाही सोरायसिस. माझ्याहून खूप जास्त, अगदी नखांपर्यंत. मी महिनाभर त्यांना बघत होते. आणि आता सांगायचं ते मला सगळ्यात जड जातं. महिनाभर मी त्या बाकावर त्यांच्यापासून लांब बसत होते. मध्ये दप्तर ठेवत होते. मला माहीत होतं की हा आजार शिवल्याने होत नाही. तरी दप्तर ठेवत होते.

त्या दिवशी मी उभीच राहिले. त्या म्हणाल्या, "बस की गं. पिशवी ठेव मधी, रोज ठेवतीस तशी. मी काय खात न्हाय तुला."

त्या हसत होत्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी दप्तर खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. का कोण जाणे, त्यांना पातेल्याचं सगळं सांगितलं.

त्या मग म्हणाल्या, "माझ्या विड्या एकदा परत केल्या कारखान्यात. तपासणारा नवीन होता. विडी बघितलीच न्हाय, हात बघितला. मी म्हटलं, अण्णा, तुझं काम विडी बघायचं. विडीत खोट काढ, मी उचलून नेते. हाताला काय बघतोस? लई बायका मागं उभ्या होत्या. सगळ्या ऐकत होत्या."

"मग?"

"मग काय. तपासल्या. दोन वाकड्या निघाल्या, तेवढ्या काढल्या. त्या वाकड्याच होत्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू आमटी सांडलीस का?"

"नाही."

"खारट केलीस?"

"मी फक्त वाढत होते."

"मग सॉरी कशाचं म्हटलीस?"

त्यांचा नंबर पुकारला आणि त्या आत गेल्या.

सोमवारी संध्याकाळी मॅडमनी ऑफिसात बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला. आवाज मऊ होता.

"बाळ, एक अर्ज दे. त्वचारोगामुळे मी स्वतःहून वाढण्याच्या कामातून मुक्त होऊ इच्छिते, आणि माझं जेवण मला खोलीत मिळावं. तुझ्याच सोयीसाठी. आम्ही काढलं असं नको दिसायला."

अर्ज. आमच्या गल्लीत बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सहावीपासून सगळ्यांचे अर्ज मीच लिहिते. रेशनकार्डात नाव घालायचा, विजेच्या मीटरचा, आजीच्या पगाराचा, म्हणजे तिला सरकारकडून मिळणाऱ्या निराधारांच्या पैशांचा. लोक ओट्यावर बसून सांगतात आणि मी 'विनंती अर्ज' लिहून सुरू करते. एक गोष्ट मला तिथे कळली आहे. ऑफिसात माणूस काय म्हणाला ते कुणी विचारत नाही, कागदावर काय आहे ते विचारतात. खाली सही असली की ते त्याचंच म्हणणं होतं. कायमचं.

मी पेन उघडलं. मी लिहिलं की मला सोरायसिस आहे. तो संसर्गजन्य नाही. उपचार सुरू आहेत. माझा वार मंगळवार आहे आणि मी वाढणार आहे. हरकत असेल तर ती मला लेखी द्यावी, कारणासह. खाली सही केली.

मॅडमनी वाचलं. मऊपणा गेला. "हे मी घेणार नाही. उद्या वडिलांना घेऊन ये."

"ते मेंढरं घेऊन कर्नाटकात गेलेत मॅडम. यायला वेळ लागेल."

"तोवर जेवायला खोलीतच बसायचं."

"नाही मॅडम."

एवढंच बोलले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. कागद टेबलावर ठेवून बाहेर आले. लाज गेली असं मी म्हणणार नाही. ती अजून आहे, कपडे बदलताना येते, वर्गात हात वर करताना येते. कदाचित राहीलच.

पण मला लिहिता येतं. माझ्या घरात कुणाला येत नव्हतं, मला येतं. यापुढे किती अर्ज लिहावे लागतील माहीत नाही, नोकरीचे, बदलीचे, हक्काचे. मी ते लिहीन. मला माणसांतून उठवा असा अर्ज मात्र माझ्या हाताने मी लिहिणार नाही. ज्याला मला उठवायचं आहे त्याने तसं स्वतःच्या अक्षरात लिहावं आणि खाली सही करावी.