पाठमोरी ताई

माझ्या भाऊजींना आमच्या गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्यांना 'पाचमिनिटे' म्हणतात, जणू काही ते त्यांचं आडनावच आहे. पोस्टमनसुद्धा खालून ओरडतो, "पाचमिनिटे आहेत का घरी?" लग्नानंतर पहिल्यांदा ताईला घेऊन फिरायला गेले, तेव्हा वाटेत "पाचच मिनिटं हं" म्हणून त्यांनी कॅमेरा बाहेर काढला. दोघं परत आली तोवर आमच्या आईनं केलेलं जेवण थंड होऊन, पुन्हा गरम होऊन, पुन्हा थंड झालं होतं. आईनं त्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि ते सगळीकडे झालं. भाऊजींची पाच मिनिटं म्हणजे ढग सरकेपर्यंत, नाहीतर ताईच्या नाकाचा शेंडा गारठून लाल होईपर्यंत.

आमचं घर दुमजली. वर ताई आणि भाऊजी, खाली रस्त्याच्या बाजूला माझं फ्रेमचं दुकान आणि त्याच्या मागच्या खोलीत मी. दुकान म्हणजे लाकडी पट्ट्यांची चळत, काचा, पट्ट्यांचे कोपरे कापायचं यंत्र आणि सगळीकडे भुसा. भाऊजी प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांसाठी, कॅलेंडरांसाठी, हॉटेलांच्या भिंतींसाठी डोंगरदऱ्यांचे फोटो काढतात. भिंतीवर जाणारा त्यांचा प्रत्येक फोटो माझ्या हाताखालून जातो. त्यामुळे या माणसाची कला कशी वाढली हे माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. आणि मी कुणाचं तोंडदेखलं कौतुक करत नाही, मग ते भाऊजी का असेनात.

सुरुवातीचे त्यांचे डोंगर मला चांगले आठवतात. वर निळं आभाळ, खाली तपकिरी ढीग. एकदा त्यांनी भलामोठा फोटो माझ्या टेबलावर पसरला आणि छाती फुगवून उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, रस्त्याचं काम कुठे निघालंय? ही खडी कुणाची?" त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तो डोंगर चढायला त्यांना अख्खा दिवस लागला होता. पण फोटोत तो केवढा आहे हे कळणार कसं? शेजारी घर नाही, झाड नाही, माणूस नाही. भाऊजी माझ्याशी बोलेनासे झाले, आणि ते माझ्याशी बोलत नाहीत म्हणून ताई त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

यातून वाट काढली ती ताईच्याच आगाऊपणानं. एका दरीच्या तोंडाशी भाऊजी उन्हाची वाट बघत बसले होते. थर्मासमधला चहा संपला, अबोला धरून बसलेली ताई कंटाळली. ती उठली आणि सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत समोरच्या कड्यावर गेली. ऊन नेमकं तेव्हाच पडलं. भाऊजी तिच्या नावानं ओरडले, पण बोट बटणावर होतंच, फोटो निघाला. ताईच्या अंगात तिचा तो हळदी कोट. कपड्यांच्या दुकानात सगळ्यांत शेवटी उरलेला, रंग बघून कुणी घेईना म्हणून तिला दया आली तो. फोटोत ताई नखाएवढी, आणि तिच्या डोक्यावर तो डोंगर. मी काच पुसता पुसता थांबले. केवढा तो डोंगर, आणि केवढीशी माझी ताई!

"आता?" भाऊजींनी विचारलं.

"आता डोंगर," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ताई प्रत्येक फोटोत आली. आली म्हणजे पाठमोरी आली. भाऊजींचा तसा नियमच होता. चेहरा दिसला की लोक चेहरा बघतात आणि मागचा डोंगर मरतो, असं त्यांचं म्हणणं. भाऊजी खाली कॅमेऱ्यापाशी उभे राहून चौकातल्या पोलिसासारखे हातवारे करायचे. ताई हळदी कोट घालून दगडधोंड्यांतून लांब लांब जायची. वाऱ्यात तिला काही ऐकू यायचं नाही, मग ती मध्येच मागे वळायची. ती वळली की भाऊजींच्या अंगाचा तिळपापड. "पाठ! अगं, पाठ कर! वळू नकोस!" एवढ्यात एखादा फोटो निघालेला असायचाच. असल्या फोटोंच्या छोट्या प्रतींवर ते लाल पेन्सिलीनं फुली मारायचे आणि बुटांच्या खोक्यात टाकायचे. टाकून मात्र कधी द्यायचे नाहीत. आमच्या भाऊजींनी तुटका पंखासुद्धा कधी टाकला नाही, फोटो कुठले टाकतात!

"तुला कंटाळा नाही येत गं, डोंगराला टेकू देऊन उभं राहायचा?" मी ताईला विचारायचे.

"कंटाळा कसला? सगळ्यात आधी मला दिसतं," ती म्हणायची. "हे मागे डोकं काळ्या कापडात घालून बसलेले असतात."

वर्षं गेली तसे भाऊजींचे फोटो खरोखर चांगले होत गेले, हे मला कबूल केलं पाहिजे. निळ्या आभाळाचा सोस सुटला. ते धुकं काढायला लागले, पाऊस येण्याआधीचं काळवंडलेलं पठार काढायला लागले, नुसती वाट काढायला लागले. पण ताईला ते दर वेळी आधीपेक्षा लांब धाडायचे. ती नखाएवढी होती ती तांदळाएवढी झाली, मग मोहरीएवढी. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, अजून थोडी लांब पाठवा, म्हणजे आमची ताई घरीच परत यायला नको." ते हसले. मी हसले नव्हते.

मग गावातल्या हॉलनं त्यांना भिंत दिली. माहितीपत्रकासाठी नाही, कॅलेंडरसाठी नाही, चक्क त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन! भाऊजी पोरासारखे जिना उतरत आले. त्यांनी जुन्यांतले फोटो निवडले, ते सगळे पाठमोऱ्या ताईचे. आणि मधल्या मोठ्या जागेवर एक अगदी नवा फोटो लावायचा ठरवला. मी त्यासाठी माझ्याकडची सगळ्यांत चांगली पट्टी कापली आणि चौकट आधीच करून दुकानात टांगली.

ती तशीच टांगलेली राहिली. कारण त्याच सुमारास ताईचे गुडघे गेले. म्हणजे दुखत होते आधीपासूनच, पण आमची ताई असल्या बाबतीत मूग गिळून बसणारी. डॉक्टरनं सांगितलं, सपाटीवर चाला, डोंगरातला चढ-उतार बंद. कायमचा. भाऊजींनी घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

मी दोघांच्या मध्ये, म्हणजे खरंतर दोघांच्या खाली. सकाळी भाऊजी दुकानात यायचे, भुशावर बोटानं रेघा मारत बसायचे. "मी पाठवलं तिला दगडांतून. इतकी वर्षं. अजून थोडी पुढे जा, अजून थोडी पुढे जा. आता कुठल्या तोंडानं कॅमेरा हातात घेऊ?" ते गेले की दुपारी ताई जिन्याचा कठडा धरून उतरायची आणि माझ्या स्टुलावर टेकायची. "ते माझ्याकडे कसे बघतात माहितीय? कॅमेरा मी फोडल्यासारखे. माझ्यामुळे त्यांचं सगळं बंद पडलं गं." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एकाला वाटायचं मी हिचे पाय मोडले, दुसरीला वाटायचं मी यांची कला मोडली. दोघं एकमेकांना सोडून सगळं मला सांगायची. माझं डोकं फिरायची वेळ आली. हॉलवाली बाई फोनवर विचारायची, मधला फोटो कधी येतोय? आणि गिऱ्हाइकं विचारायची, ही रिकामी चौकट विकायची आहे का?

शेवटी मीच भाऊजींना टोचून टोचून बाहेर काढलं. कोट मी घातला. एका उतारावर जाऊन मी त्यांनी सांगितलं तिथे, सांगितलं तशी, पाठ करून उभी राहिले. फोटो बघून भाऊजींनी तो उलटा ठेवला. विजेच्या खांबाला कोट घातल्यासारखी दिसत होते मी. पुढच्या खेपेला त्यांनी काठी रोवून तिच्यावर कोट चढवला. तो फोटो ताईनं पाहिला आणि म्हणाली, "बुजगावणं आहे." भाऊजींनी हात टेकले. "हॉलमध्ये सांगून टाक," ते मला म्हणाले, "मधली जागा राहू दे रिकामी. मला आता काही काढायचं नाही." ते रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी हळू म्हणाले.

हे ताईनं जिन्यातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोट हातात घेऊन माझ्या दारात उभी. "तुझी गाडी काढ. मला गाडीत बसता येतं ना? आणि त्यांना सांग, कॅमेरा घ्या."

माझी गाडी म्हणजे काचा वाहायची खटारा व्हॅन. मी चालवत होते, शेजारी ताई, मागे काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्याला धरून भाऊजी. रस्ता एका वळणावर सपाट होतो, तिथून समोर सबंध कडा दिसतो. मी दुकानातली घडीची खुर्ची काढून दिली. ताई बसली. भाऊजींनी सवयीनं कॅमेरा तिच्याशेजारी मांडला, डोळा लावून सगळं ठीक केलं, आणि मग नुसते उभे राहिले.

"कोट घाला," ताई म्हणाली.

"कुणी?"

"तुम्ही. घाला आणि जा. बटण मी दाबते."

"अगं, पण तुला..."

"मला काय येत नाही? इतकी वर्षं काय मी डोळे मिटून उभी होते?"

भाऊजींनी कोट घातला. बाह्या कोपरापर्यंत आल्या, बटणं लागेनात. मला हसू आवरेना, ताईनं मला डोळ्यांनी दटावलं. ते निघाले, दगडांतून अडखळत, कारण त्यांना या दगडांतून पुढे जायची सवयच नव्हती. ताई खुर्चीतून ओरडायला लागली. "डावीकडे! अहो, डावीकडे! अजून पुढे!" ते थांबले. कड्यावर ढग होता. "झालं का?" असं काहीतरी ते हातानं विचारत होते.

"पाचच मिनिटं!" ताई ओरडली.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

भाऊजी तिकडे पाठ करून उभे. वारा सुटला होता, कोट फडफडत होता. ढग हटायचं नाव घेईना. ताईनं कॅमेऱ्याच्या बटणाची लांब वायर हातात धरली होती. आणि मग भाऊजी मागे वळले. सबंध कड्याकडे पाठ करून, हात कपाळावर धरून, खुर्चीत बसलेल्या ताईकडे बघायला लागले. त्यांचा तो लाडका नियम पार धुळीला मिळवून. ताईनं तेव्हाच बटण दाबलं. ऊन नंतर पडलं, छान पडलं, तेव्हाही तिनं भरपूर फोटो काढले.

दोन दिवसांनी भाऊजी खाली आले आणि मोठा फोटो टेबलावर पसरला. मला वाटलं, उन्हातला असेल. तो नव्हता. अर्धा कडा ढगात, उजेड मातकट, आणि मोहरीएवढा हळदी माणूस आपल्याकडे तोंड करून उभा.

"हा?" मी विचारलं. "यावर तर तुमची लाल फुली हवी."

ते स्टुलावर बसले. "मी कशाला वळलो माहितीय?" ते म्हणाले. "तिथे गेल्यावर काही ऐकू येत नाही गं. नुसता वारा. एवढा मोठा कडा समोर, आणि माझ्या मनात एकच, ती मागे खुर्चीत बसलीय, ठीक आहे ना? थंडी तर नाही वाजत? बघितल्याशिवाय राहवेना." मग त्यांनी भुशावर बोटानं एक रेघ मारली. "ती दर वेळी वळायची. आणि मी दर वेळी ओरडायचो."

त्या दिवशी त्यांनी बुटांची सगळी खोकी खाली आणली. लाल फुलीचे फोटो आम्ही दोघांनी टेबलावर मांडले. दरीच्या तोंडाशी, पठारावर, बर्फात, तळ्याच्या काठी, सगळीकडे तीच इवलीशी हळदी ताई आणि सगळीकडे मागे वळलेली. एकात चष्मा सावरतेय, एकात हातानं "काय?" विचारतेय. भाऊजींनी निवडलेले सगळे फोटो परत घेतले आणि त्यांच्या जागी हे दिले. मापं वेगळी, म्हणून मला सगळं नव्यानं कापावं लागलं. मी तोंडानं भरपूर कटकट केली. हात मात्र भराभर चालत होते, आणि काच दोनदा पुसावी लागत होती, कारण पुसली की माझ्याच डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ताई मधल्या मोठ्या फोटोशेजारी घडीच्या खुर्चीत बसली होती. लोक आधी लांबून डोंगर बघायचे आणि मग वाकून वाकून नाक काचेला लावायचे. माझ्या काचांवर नाकांचे डाग. एक आजोबा सगळी भिंत फिरून ताईपाशी आले.

"मोठी गंमत आहे," ते म्हणाले. "एवढे डोंगर मागे, आणि ही बाई सगळ्या फोटोंत आपल्याकडेच बघतेय."

"तुमच्याकडे नाही हो," ताई म्हणाली. "यांच्याकडे बघतेय. एकटेच मागे राहिलेले असायचे ना."

भाऊजी तेव्हा कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, एक फ्रेम सरळ करत होते. ती फ्रेम मी स्वतः लावली होती, ती अजिबात वाकडी नव्हती. ताईनं त्यांना हाक मारली, "अहो, चहाला जायचं का?" ते वळले नाहीत. एक हात मागे करून म्हणाले, "पाचच मिनिटं."