तिसऱ्या ओळीतल्या थापा

अण्णांना मी लातूरहून नांदेडला माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा त्यांच्या सामानात ढोलकी नव्हती. आई गेली आणि दोनच महिन्यांत अण्णांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला. ढोलकी त्यांनी भजनी मंडळाला देऊन टाकली होती. माझ्याकडे ते दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. जेवायला वाढलं की भाकरीचा एक तुकडा मोडायचा, बाकीचं ताट सरकवायचं. मी शाळेत शिकवते, भाकरी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येते. त्यांना ती आवडत नसेल, असं म्हणून मी केंद्र बदलून पाहिलं. काही फरक पडला नाही. माणूस हळूहळू उठून जायच्या तयारीत आहे हे मला दिसत होतं, आणि त्याचा मला रागही येत होता. मी होते ना इथे.

मग त्यांच्या मोबाईलमध्ये एक जुनं रेकॉर्डिंग सापडलं. निलंग्याच्या एका भजनवाल्याला ठेका कळावा म्हणून त्यांनी लातूरच्या घरात बसून ढोलकी वाजवून पाठवली होती. मला घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायचा नाद आहे. वाटलं, हाच ठेका घेऊन एक भजन बसवावं, अण्णा ऐकतील, चुका काढतील, निदान चिडतील तरी.

रेकॉर्डिंग भयंकर होतं. पंखा घरघरत होता, मोबाईल लांब ठेवलेला. म्हणून मी त्यातला एक चांगला तुकडा कापला, तो सारखा फिरत राहील असा लूप केला आणि कॉम्प्युटरला त्याचं मिडी करायला सांगितलं. मिडीत आवाज राहत नाही. थाप कधी पडली आणि किती जोरात पडली, एवढ्याच खुणा उरतात. मग त्या खुणांवर हव्या त्या स्वच्छ ढोलकीचा आवाज चढवायचा. हात अण्णांचा, ढोलकी दुसऱ्याची.

पडद्यावर खुणांच्या तीन ओळी आल्या. खालची धुमाची, म्हणजे ढोलकीच्या घुमणाऱ्या बाजूची, मधली चाटेची, म्हणजे टणक वाजणाऱ्या बाजूची. वरच्या तिसऱ्या ओळीत कुठल्या तरी बारीक खुणा होत्या. मी त्या कचरा समजून पुसल्या आणि अण्णांना ऐकवलं.

"कोण वाजवायलंय?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"न्हाई. मी असा एकटा कधी वाजवलोच न्हाई."

मी जरा वैतागून पुसलेल्या खुणा परत आणल्या. मूळ तुकडा हेडफोनवर बारकाईने ऐकला. पंख्याच्या मागे, स्वयंपाकघराकडून, परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कॉम्प्युटरने माझ्या आईला ढोलकी समजून लिहून घेतलं होतं. आणि नीट पाहिलं तर तिची प्रत्येक खूण आधी होती, अण्णांची तिच्यामागे केसभर अंतराने. ते तिच्या भाकरीवर ठेका धरत होते.

अण्णा पूर्वी आम्हा भावंडांना चिडवायचे, "तुमची आई भाकर थापती, मी ढोलकीवर थाप मारतो, तुम्ही नुसत्या थापा मारता." मला ते आठवलं.

तिन्ही ओळी लावून मी लूप पुन्हा सुरू केला. आईच्या ओळीला कॉम्प्युटरने कसलासा पत्र्यासारखा आवाज दिला होता. तरी अण्णांनी मान वळवून माझ्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलायला लागली. मी खूश झाले. लूप कितीतरी वेळा फिरला, मग ते म्हणाले, "किती वेळची थापायलीय. तव्यावर टाकू दे की तिला आता."

लूपमधली भाकरी तव्यावर कधीच जाणार नव्हती. मला ते सहन होईना. मी लूप थांबवला आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं, मी जिथे कापलं होतं त्याच्याही पुढचं. परातीतला आवाज थांबला. ढोलकी चालू होती. मग लांबून आईचा आवाज आला, "झाल्या भाकरी. जेवायला या."

रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी तशीच चालू राहिली.

"ऐकू येत न्हाई का? या की."

"आलो," अण्णा म्हणाले.

हे ते रेकॉर्डिंगमध्ये नाही, आत्ता खुर्चीतून म्हणाले, माझ्या शेजारून. डाव्या हातावर जोर देऊन ते उठायला लागले होते. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली भूक होती. ते तिच्याकडे जायला निघाले होते, आणि मला भीती वाटली. मी आईला मध्येच तोडलं, लूप पुन्हा लावला, आणि त्यांचा खांदा धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा अण्णा," मी म्हणाले. "अजून भाकरी व्हायच्यात."

पत्र्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. अण्णा ऐकत बसले. त्यांनी माझ्या थापेवर विश्वास ठेवला होता.