उतरणीच्या खुणा

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डोंगरावरच्या पायवाटेवर पिवळे पट्टे मारतात. चालायला येणारी माणसं जंगलात भरकटू नयेत म्हणून झाडांवर, आणि झाडं नसतील तिथे दगडांवर, हाताच्या पंज्याएवढी खूण. गावात सगळे त्यांना खुणेवाले म्हणतात. बोलण्याच्या बाबतीत एक नंबरचा घुम्या माणूस. लग्नातसुद्धा तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, आणि आम्ही दोघी बहिणी खो खो हसत होतो.

पायथ्याशी माझं रंगांचं आणि खिळेमोळ्यांचं दुकान आहे. रंगाचा डबा ते माझ्याकडूनच नेतात. काही वर्षांपूर्वी ताई छातीच्या दुखण्यानं गेली, त्यानंतर मात्र त्यांचं येणं विचित्र झालं. आत यायचं, फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवायचं आणि डबा हातात पडला की चालू लागायचं. मी "जेवलात का" म्हणायला तोंड उघडावं, तर समोर त्यांची पाठ. सख्ख्या मेहुणीशी ही तऱ्हा. माझ्या नाकावर राग असतो हे मला मान्य आहे, पण हा राग वेगळा होता. ताईबद्दल बोलायला मला त्यांच्याशिवाय होतं कोण? त्यांनाही माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तरी ते घरी एकटे, मी दुकानात एकटी.

त्यांच्या कामाचा नियम सोपा आहे. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. म्हणून हे काम खरं तर दोघांचं. एकानं पुढे जाऊन झाडावर फडकं धरायचं, दुसऱ्यानं मागच्या खुणेपाशी थांबून दिसतंय की नाही ते ओरडून सांगायचं, मग रंग लावायचा. चढताना दिसणारी खूण झाडाच्या एका अंगाला, उतरताना दिसणारी दुसऱ्या अंगाला. चढणीच्या खुणा भावोजी करत आणि ताई मागून ओरडत असे. उतरणीच्या खुणा ताईच्या. तिला ब्रश वेळेवर उचलता यायचा नाही, त्यामुळे तिच्या प्रत्येक पट्ट्याला खाली बारीकसं शेपूट फुटायचं. त्या शेपटांवरून भावोजींनी तिला आयुष्यभर चिडवलं. चिडवण्यापुरतं त्यांना बोलता येत होतं बरं का.

या वर्षी एक जोडपं वर गेलं आणि उतरताना चुकलं. भलत्याच घळीत शिरलं, बाईचा पाय मोडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाकूडतोड्यांना दोघं सापडली. वनखात्याचे साहेब आले. चालायला येणाऱ्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत खुणा नीट झाल्या नाहीत तर वाट बंद करून फाटकाला कुलूप लावणार, असं त्यांनी सांगितलं. "माझ्या खुणा जागेवर आहेत," एवढंच भावोजी म्हणाले आणि घरात गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ताई गेल्यावर त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर एकच ताट धुऊन पालथं घातलेलं. दाराशेजारी दोन खुंट्या, एकीवर त्यांचं जाकीट, दुसरीवर ताईची रंगाचे डाग पडलेली टोपी. टोपीवर धुळीचा कण नव्हता. बाकी घरभर धूळच धूळ.

मला आडून बोलता येत नाही. "तुमच्या खुणा जागेवर आहेत, भावोजी," मी म्हणाले. "ताईच्या पुसल्यात."

"माहीत आहे मला." ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. न वळताच म्हणाले, "त्यांच्यावर मी रंग मारला की तिचा हात गेला."

"तो हात पाऊस नेतोच आहे. आणि त्यापायी उद्या एखाद्याचा जीव जायचा. ताईला चाललं असतं का ते?"

पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत मी चपला घातल्या, तेव्हा मागून आवाज आला, की उद्या सकाळी येशील का, मागे उभं राहायला कोणीतरी लागेल.

मी दुकान बंद ठेवलं. आम्ही मुकाट्यानं माथ्यावर गेलो आणि तिथून उतरणीचं काम सुरू केलं. पहिल्या झाडावर ताईचा पट्टा फिकट झाला होता, पण शेपूट अजून कळत होतं. भावोजींनी तारेच्या ब्रशानं शेवाळ खरवडलं, तेव्हा सालीबरोबर शेपूटही खाली पडलं. मग त्यांनी रंग लावला. पट्टा सरळ, कडा साफ. मी दुसरीकडे बघत राहिले.

ते पुढच्या झाडाकडे उतरले, खोडावर फडकं धरलं. मी वरून ओरडले, "दिसतंय हो!"

ते हललेच नाहीत. ब्रश डब्यात, फडकं झाडावर, आणि पाठ माझ्याकडे. दुकानात दिसायची तीच पाठ. मी चिडून धडाधड खाली उतरले, काय झालं म्हणून विचारायला गेले, तर त्यांचे डोळे भरलेले.

"तुझा आवाज अगदी तिचा आहे," ते म्हणाले. "दुकानात तू बोलायला लागलीस की मला उभं राहवत नाही."

इतकी वर्षं मी त्यांना माणूसघाणे म्हणत होते. आम्ही बहिणी फोनवर बोललो तर आईसुद्धा फसायची, हे मी विसरूनच गेले होते. राग कुठल्या कुठे गेला. पण त्यांना दोन शब्द धीराचे द्यायचे, तर तेही त्याच आवाजात द्यावे लागणार होते. म्हणून मी गप्प उभी राहिले.

"ओरडू नकोस. नुसता हात वर कर," ते म्हणाले.

मग दिवसभर तसंच चाललं. ते फडकं धरून मागे वळून बघत आणि मी हात वर करत असे. माझ्यासारखी तोंडाळ बाई अख्खा डोंगर अवाक्षर न काढता उतरली, हे गावात सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. ताईच्या खुणा एकेक करून गेल्या. उन्हं कलली तेव्हा रस्त्याकडेचं शेवटचं झाड आलं. भावोजींनी त्याच्यावर फडकं धरलं, वळून पाहिलं. मी हात वर केला.

ते रंगाला लागेनात. माझ्याकडे बघत राहिले.

"आता एकदा सांग," ते खालून म्हणाले.

"दिसतंय हो," मी ओरडले.

त्यांनी मान झाडाकडे वळवली आणि फडकं धरून तसेच उभे राहिले. ब्रश उचलायला त्यांना फार वेळ लागला.