दाराच्या अलीकडची वेळ

हार्ट अटॅकचा पेशंट कॅज्युअल्टीच्या दारातून आत आला की मी वहीत वेळ लिहिते. मग ईसीजी कधी काढला, इंजेक्शन कधी दिलं, तेही. महिनाअखेरीस मिटिंगमध्ये मोठे डॉक्टर ती वही उघडतात आणि आम्ही कुठे रेंगाळलो ते सगळ्यांसमोर काढतात. वही माझ्याकडे, म्हणून बोलणीही आधी मलाच.

आमच्या ह्यांची वेळही मीच लिहिली. भर दुपारी आचोळ्याहून एकटेच रिक्षाने आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"फोन का नाही केलात?"

"तू ड्यूटीवर होतीस. म्हटलं, गॅस असेल."

ईसीजी चार मिनिटांत निघाला. इंजेक्शनलाही उशीर झाला नाही. दिवस मावळायच्या आत हे गेले.

त्या महिन्याच्या मिटिंगला मी हट्टाने जाऊन बसले. डॉक्टरांनी ह्यांचीच केस, नाव न घेता, वाखाणली. सगळ्या वेळा चोख. माझं डोकंच फिरलं.

"सर, आपलं घड्याळ दारात सुरू होतं. दुखणं घरी सुरू होतं. त्याचा रकाना कुठाय?"

"घरचं आपल्या हातात नाही, सिस्टर."

"नसू दे. लिहायला काय जातंय?"

पुढच्या महिन्यात वहीत रकाना आला.

आता मी प्रत्येकाला विचारते, कधीपासून दुखतंय? निर्मळ गावचे एक बागवाले सकाळपासून छाती चोळत होते, पण फुलं बाजारात रवाना करून मगच आले. सगळ्यांना आधी गॅसच झालेला असतो. मी रागावते, ते कसनुसं हसतात. तो रकाना वाचून डॉक्टर गावोगाव बोलायला जाऊ लागले. भुईगावला चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर मीही बोलले. म्हटलं, छातीत दुखलं तर कपडे बदलत बसू नका, आहात तसे या.

मग डॉक्टर म्हणाले, जुन्या ओळीही भरा, घरी फोन करून विचारा. मी एकेक फोन लावला. कुणाच्या सुनेला आठवत होतं, कुणाच्या शेजारणीला.

शेवटी ह्यांची ओळ राहिली. हे गेले त्या दिवशी मी घरी परतले तेव्हा ओट्यावर ओव्याची डबी उघडी होती आणि टेबलावर गार झालेली इस्त्री. माझ्या हॉस्पिटलात चारचौघांत नीटनेटकं दिसावं म्हणून शर्टाला इस्त्री केली असणार. दुखायला कधी लागलं, ते त्यावरून कळत नाही.

मी 'माहीत नाही' लिहिलं. फोन लावून विचारावं, असं आमच्या घरी कोणी नव्हतं.