वरच्या दोन ओळी

देवरीहून छत्तीसगडकडे जाणारा हमरस्ता सोडून आत वळलं की सागाच्या रानात रुख्मा कुंभरेचं गाव लागतं. गावात येशूला मानणारी घरं थोडीच. त्यांचं चर्च म्हणजे रुख्माच्या घराची ओसरी. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीवर चुन्यानं काढलेला क्रूस आणि रविवारी अंथरल्या जाणाऱ्या चटया.

रुख्माला वाचायची गोडी तिच्या आईनं लावली. सातवीनंतर शाळा सुटली, पण शास्त्र, म्हणजे बायबल, सुटलं नाही. गेली काही वर्षं ती रोज पहाटे चूल पेटवण्याआधी मोबाइल समोर धरते, एक वचन वाचते, त्याला आपल्या दिवसातलं काहीतरी जोडते आणि तो आवाज प्रार्थनेच्या ग्रुपवर पाठवते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बायकांच्या कमरा मोडून आल्या होत्या, तेव्हा तिनं सांगितलं की भार वाहणाऱ्यांना विसावा देईन असं प्रभू म्हणतो, तर दुपारी घटकाभर शेताच्या धुऱ्यावर बसा. तो विसावाही त्याच्याच हातचा आहे. एकदा मिठावर बोलली. भाजीत मीठ दिसत नाही, पण नसलं की पहिल्या घासाला कळतं. माणसानं घरात तसं असावं. ऐकणाऱ्या बायका ते वाक्य दिवसभर पदराच्या गाठीसारखं बाळगायच्या. ज्या घरांत येशू नव्हता, तिथंही तिचा आवाज पोचायचा. कुणाचं भांडण झालं, कुणाचं माणूस दवाखान्यात असलं, की लोक म्हणत, रुख्माबाईचं आजचं ऐकलं का?

ही गोष्ट मोहाच्या दिवसांतली आहे.

होळी झाली की मोह गळू लागतो. त्याआधी ज्याचं झाड, तो झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळतो. जमिनीवर राखेचं काळं वर्तुळ उरतं. त्या काळ्यावर पिवळसर फूल उठून दिसतं, आणि झाड कोणाचं तेही सगळ्यांना कळतं. कुंपण नाही, पाटी नाही. दुसऱ्याच्या राखेवर पाय ठेवायचा नाही, एवढं लहान लेकरालाही माहीत असतं. झाडं पिढ्यांपासून ठरलेली. जुन्या घरांकडे चारचार, पाचपाच. नव्यानं आलेल्याकडे एकही नाही.

मोनालीकडे नव्हतं. ती पलीकडच्या राजनांदगावकडची. गावातल्या पिंटूशी लग्न करून आली, आणि पिंटू ट्रकवर गेला तो महिनेमहिने येईना. गाव तिला अजून छत्तीसगडचीच म्हणायचं. ती बोलायची कमी, आणि बोलली की तिच्या हेलावर बायका हसायच्या. रविवारी ओसरीवर यायला लागली तेव्हा रुख्मानंच तिला पहिल्या चटईवर बसवलं होतं.

एका सकाळी रुख्माला आपल्या मोहाच्या झाडाशी पोचायला उशीर झाला. वचन सांगताना मध्येच कोंबडा ओरडला, म्हणून तिनं ते परत सांगितलं, आणि तेही मनासारखं होईना. ती रानात गेली तेव्हा ऊन राखेपर्यंत उतरलं होतं. वर्तुळाच्या आत मोनाली उकिडवी बसून फुलं वेचत होती. तिची टोपली अर्धी भरली होती. रुख्माला पाहून ती उठली. ऊन चढलं होतं, गाई खाऊन राहिल्या होत्या, असं काहीतरी पुटपुटली. रुख्मानं तिच्या टोपलीत पाहिलं. मोनालीनं टोपली तिथंच राखेवर उपडी केली आणि निघून गेली.

फुलं परत मिळाली होती. तेवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण दुसऱ्या पहाटे रुख्मानं शास्त्र उघडलं ते वाचण्यासाठी नाही, शोधण्यासाठी. कुत्र्याला हाकलायला काठी शोधावी तसं. मोशेला दिलेल्या नियमांच्या पानांवर तिचं बोट फिरलं आणि हवी ती ओळ सापडल्याबरोबर थांबलं. चोरी करू नका. तिनं ती ओळ वाचली आणि पुढं आपलं जोडलं, “दुसऱ्याच्या राखेवर बसून टोपली भरणारा हात माणसाले नाही दिसत, पण प्रभू पायते.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

तासाभरात बोरिंगवर हंड्यांची रांग लागली आणि मोनाली आली तशी एक बाई म्हणाली, “टोपली झाकून ठेव वं, प्रभू पायते.” सगळ्या हसल्या. तो विनोद मग आठवडाभर चालला. मोनाली सरपण घेऊन निघाली तरी तो व्हायचा, दुकानात तेल घ्यायला गेली तरी. तिनं ग्रुप सोडला. रविवारी ती आली नाही. खरं बोललं की टोचतंच, असं रुख्मानं स्वतःला सांगितलं आणि पहिल्या चटईवर दुसरं कुणी बसलं.

त्यानंतरच्या रविवारी देवरीहून पास्टर धर्मेंद्र आले. महिन्यातून एकदा ते मोटारसायकलवर येत. ते खुशीत होते. रुख्माताईंचं चोरीवरचं वचन त्यांनी आणखी दोनतीन गावांत पाठवलं होतं, लोकांना ते फार आवडलं होतं. तेव्हा आज ताईंनीच ते पान वाचावं, वरपासून, सगळं, असं ते म्हणाले.

रुख्मा उभी राहिली. तिला वाचायला उभं राहणं नेहमीच आवडायचं.

ती वाचत खाली आली. चोरीची ओळ तिला दिसत होती, आणि तिच्या अगदी वर, बोटाखाली झाकल्या जाण्याइतक्या जवळ, दोन ओळी होत्या. शेत कापाल तेव्हा कडेपर्यंत कापू नका. मळ्यात जे खाली गळून पडेल ते वेचून नेऊ नका. गरिबासाठी आणि परक्यासाठी ते राहू द्या.

त्या पहाटे तिचं बोट यांच्यावरूनच खाली घसरलं होतं. तिला वाटलं, एक ओळ टाकून पुढं जावं. कुणाच्या हातात शास्त्र नाही, कुणाला कळणार नाही. पण जीभ पुढं गेलीच होती. तिनं वाचलं, अगदी हळू, शब्द दाताआड धरून.

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या सुशीलाबाईंनी कानामागं हात धरला. “काय मनते? जोरानं वाच ना बाई.”

रुख्मानं ते पुन्हा वाचलं. ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. सुशीलाबाई मान हलवत राहिल्या आणि मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “मंग मोहाचंई तसंच असंल का, पास्टर? तोई तं खालीच पडते.”

धर्मेंद्रना काहीच माहीत नव्हतं. त्यांना उदाहरण फार पटलं. हो, मोहाचंही तसंच, ते म्हणाले, आणि त्यावर बराच वेळ बोलले. बोरिंगवर हसलेल्या बायका चटईच्या काड्या उपटत बसल्या. रुख्माची खालची, चोरीची ओळ वाचायची राहिली होती. ती तिनं वाचली नाही. ती खाली बसली.

संध्याकाळी तिनं वाळलेल्या फुलांची टोपली भरली, वर पदर घातला आणि मोनालीच्या दारात गेली. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिनं सगळं सांगितलं. त्या पानावर आधी काय लिहिलंय, आपण कुठून वाचलं, कशासाठी वाचलं. मग टोपली पुढं केली.

मोनाली तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“फुलं राहू द्या, काकू. माह्या टोपलीत काय होतं ते तुमी साऱ्या गावाले सांगतलं. आता तुमच्या पुस्तकात काय होतं, तेई सांगा.”

रुख्मा भरली टोपली घेऊन परत आली. रस्त्यात भेटलेल्या बाईनं कुठं गेली होतीस म्हणून विचारलं, तर तिच्या तोंडून, फुलं बाजारात नेली होती, असं खोटं निघालं. दारात आल्यावर त्या खोट्याचीही लाज वाटली.

पहाटे तिनं मोबाइल समोर धरला. बोलली, पण ते गोल गोल झालं. आपण सगळेच चुकतो, आपल्या सगळ्यांकडूनच कधीकधी दुसऱ्याचं मन दुखतं, असं. बाजेवरून तिच्या नवऱ्यानं, उदेभाननं, डोळे न उघडताच विचारलं, “तवा तं एकटीच बोलली होतीस. आता साऱ्याईले काऊन घेऊन राहिली सोबत?”

तिनं ते पुसलं. मोबाइल पुन्हा समोर धरला. आवाज काढला तेव्हा तो तिचा तिलाच ओळखू येईना. तिनं वरच्या दोन ओळी वाचल्या. मग म्हणाली की मी, रुख्मा, या ओळी सोडून खालची वाचली. मोनालीले टोचावं म्हणून वाचली. प्रभूच्या वचनाची मी काठी केली. तिच्यावर हसणं मी सुरू केलं, ते माह्यापासून बंद व्हावं. मध्ये कोंबडा ओरडला. तिनं ते तसंच पाठवलं.

त्या दिवशी बोरिंगवर कुणी विनोद केला नाही. रुख्माचा हंडा भरेपर्यंत सगळ्या पाण्याकडे पाहत होत्या. सुशीलाबाईंच्या नातीनं मोनालीच्या घरी जाऊन मोबाइल ऐकवला, हे तिला नंतर कळलं. मोनाली काय म्हणाली ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं.

पुढं रोज ती झाडाच्या पायवाटेकडच्या बाजूची फुलं न वेचता यायची. ती तिथंच सुकायची, गाई खायच्या. आपण चांगुलपणाही दाखवायला ठेवतो की काय, असं तिला वाटायचं. पण उचलायला हात जात नसे.

मोह सरत आला तेव्हा एका सकाळी पायवाटेकडून पावलं वाजली. मोनाली टोपली घेऊन आली आणि राखेच्या आत येऊन बसली, विचारल्याशिवाय. रुख्माला पुष्कळ बोलायचं होतं. हातातलं फूल हातातच राहिलं.

“वेचा ना, काकू,” मोनाली म्हणाली. “ऊन चढून राहिलं.”

दोघी वेचत राहिल्या, एकाच काळ्या वर्तुळात, पाठीला पाठ करून. मोनाली पुन्हा ओसरीवर येईल का, हे रुख्माला ठाऊक नव्हतं. तिनं मान वर केली नाही. फुलं बरीच होती, आणि तिला दिसत होती फक्त स्वतःच्या बोटांना लागलेली राख.