घरचा खांदा

"बाजूला हो. ह्यो खांदा बापयाचा न्हाय."

शिमग्याची पालखी आमच्या अंगणात होती. ढोल थांबले होते. खोतांचे आबा, गावचे मानकरी, माझ्याकडे बघून एवढंच बोलले आणि अख्खी वाडी हसली. बाया पदराआड हसल्या, बापये तोंड उघडून हसले. मी तेव्हा लग्नाच्या वयाचा. सहा फुटांच्या वर उंची, हनुवटीवर केस नाही, आणि शर्टाखाली जे होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या गावची रीत अशी, की देव ज्या अंगणात बसतो तिथून तो त्या घरच्याच खांद्यावर उठतो. दांड्याला पुढे घरचा माणूस, मागे देवळाचा. वडील मुंबईला गोदीत होते, तिकडेच वारले. त्या साली दांडा पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी उठलो आणि पालखी मागे कलली. मागचा गडी बुटका. सगळा भार त्याच्यावर गेला, तो गुडघ्यावर आला. देवाच्या पुढ्यातला नारळ गडगडत पायरीपर्यंत गेला. आबांनी लगेच सांगून टाकलं, "देव जड झाला." म्हणजे खांदा देवाला चालत नाही. मानकऱ्याने असं म्हटलं की तोच निकाल.

चुलत्याच्या मुलाने दांडा घेतला. तो त्या गड्याच्याच उंचीचा. पालखी सुरळीत निघाली. जाताना आबा आईला म्हणाले, "फुडल्या सालापासनं ह्या घरचा खांदा त्योच. तुज्या घरात बापया न्हाय, आसा समज."

आईने हात जोडले. आमच्याकडे खांदा ज्याचा, घर त्याचं. आज अंगण, उद्या कलमांची बाग, परवा ओटी. हे आबांना कळत होतं, चुलत्याला कळत होतं, आईलाही कळत होतं. तरी तिने हात जोडले, कारण तिलाही वाटत होतं की देव खोटं बोलणार नाही.

आणि मला? मलाही तेच वाटलं. खेडला लाकडाच्या वखारीत मी याच खांद्यावर ओंडके वाहायचो. तिथे आम्ही जोडी उंचीने लावायचो. उंच माणसाबरोबर बुटका लावला की ओंडका कलतो, हे मला रोजचं माहीत. पण अंगणात ते डोक्यात आलंच नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं डोकं नसतं.

भीती जुनी होती. शाळेत असताना छाती वाढायला लागली. आई म्हणायची, "पोरा, आंग झाक." मी मे महिन्यातही आत दोन बनियन घालायचो. नदीवर पोरं उड्या मारायची, मी काठावर कपडे सांभाळत बसायचो. बरोबरीच्या पोरांचे आवाज फुटले, मिशा आल्या. मी नुसता उंच होत गेलो. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हाताने अंग चाचपून बघायचो. रात्रीत बाई तर झालो नाही ना? हसू नका. मी खरंच घाबरून चाचपायचो.

त्या शिमग्यानंतर वाडीत नवीन बोलणं निघालं. याला देवीला सोडा, लुगडं नेसवा, घरावरची पीडा जाईल. ते ऐकलं आणि माझी झोप उडाली. मामा मुंबईला होता. एसटी पकडली आणि त्याच्याकडे गेलो. तो मला एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "शर्ट काढ. पँटही." काढली. भोवती शिकाऊ पोरंपोरी, माझ्याच वयाची. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने माझी छाती उचलून दाखवली. मग खाली दाखवलं. सगळं इंग्रजीत. एक जण हसू दाबत होता. आमच्या वाडीत निदान हसणारे माझ्या भाषेत हसले होते.

ते म्हणाले, "आता वळ."

मी वळलो नाही. स्टुलावरचे कपडे उचलले आणि चढवले.

"मला काय झालंय ते मराठीत सांगा. सांगेपर्यंत कपडे काढणार नाही."

"बाहेर बस," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

बाहेर त्यांच्याच हाताखालची एक तरुण डॉक्टरीण आली. तिने रक्त घेतलं, पावसाळ्यानंतर परत बोलावलं. मी परत गेलो तेव्हा तिने समोर बसवून सांगितलं. माणसाच्या शरीराच्या पेशीपेशीत गुणसूत्रं असतात. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. माझ्यात वाय आहेच, फक्त एक एक्स जास्त आहे. जन्मापासून. कुणाची करणी नाही, कुणाचा कोप नाही.

मी विचारलं, "मी बाई होणार का?"

"नाही. तुम्ही पुरुष आहात, पुरुषच राहणार. इंजेक्शनं घ्या, ताकद येईल, दाढी येईल. छाती राहील. मूल मात्र होणार नाही."

मूल होणार नाही. एक भीती उठली, तिच्या जागी दुसरी येऊन बसली. मग का कोण जाणे, विचारलं, "आणि ही उंची?"

"तीही त्यामुळेच."

परतीच्या एसटीत ते अंगण डोळ्यांसमोर आलं. उंच पुढे, बुटका मागे. देव जड झालाच नव्हता. पालखी कलली होती, ओंडका कलतो तशी. एवढ्यावर माझं घर काढून घ्यायला निघाले होते.

पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात आली. आईने ओटी भरली. आबांनी चुलतभावाला खूण केली. त्याच्या आधी मी दांड्याला हात घातला. वखारीतला माझा जोडीदार, माझ्याच उंचीचा, मी खेडवरून मुद्दाम बोलावला होता. त्याला मागे उभं केलं.

आबा म्हणाले, "सांगितला व्हता तुला."

मी म्हणालो, आवाज तेव्हाही बारीकच होता, "आबा, सगळ्यांनी ऐका. मला पोर होणार नाही. हे माझ्याच तोंडून ऐका, मागून कुजबुजू नका. पण मी बापया आहे. या घरचा खांदा हाच."

कुणी हसलं नाही. देवळाचा माणूस म्हणाला, मागे परका चालणार नाही. मी म्हणालो, "मग माझ्या उंचीचा गावातला द्या." कुणी पुढे येईना. आबांनी आईकडे पाहिलं. या वेळी तिने हात जोडले नाहीत.

उन्हं चढली. ढोलवाले सावलीला जाऊन बसले. पुढच्या घरची माणसं देवाची वाट बघत राहिली. घामाने शर्ट छातीला चिकटला होता, ते सगळ्यांना दिसत होतं. दिसू दे.

मी आबांना म्हणालो, "रीत तुमचीच आहे. उठेल तर देव याच खांद्यावर उठेल. नाहीतर माझ्या अंगणात बसून राहील. मी दांडा सोडणार नाही."