मेजरांचा लाल ठिपका

साताऱ्यात आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी फोनवर बसायचे. खाली पिठाच्या गिरण्या, कडबा कुट्टीची यंत्रं आणि पाण्याचे पंप विकले जायचे. विकल्यानंतर जे काही बिघडेल, त्याची तक्रार वर माझ्या कानात यायची. लग्नानंतर मी सांगलीच्या शाखेत आले. इथं तक्रारीचा पहिला फोन आता यंत्रच उचलतं, गोड आवाजात गाव विचारतं, नोंद करतं. काम सोपं झालंय. पण साताऱ्याच्या त्या टेबलाची आठवण आली की मला एक आवाज हटकून ऐकू येतो.

तो पाटणच्या पुढच्या एका गावातल्या गिरणीवाल्याचा. तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडं सैन्यातून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, मीही तेच म्हणायचे. फोन उचलला की आधी गिरणीची घरघर यायची आणि मग तिच्या वरताण मेजर.

"हॅलो! पोरी, पट्टा सैल पडलाय गं! कवा येतूय तुमचा माणूस?"

"उद्या सकाळी येतील, मेजर."

"उद्या? बरं बरं! जेवलीस का?"

तक्रार आणि जेवणाची चौकशी, दोन्ही एकाच पट्टीत. मी हेडफोन कानावरून सरकवायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणायच्या, "हे फोन कशाला लावतात? पाटणहून नुसती हाक मारली तरी पोचेल की."

मग आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. आधी त्यात ग्राहकाचं नाव, गाव आणि कुठलं यंत्र घेतलं एवढंच असायचं. आता फोनवरचं सगळं बोलणं आपोआप लिहून निघायला लागलं. खाली त्याचा सारांश, पुढं काय करावं याचा सल्ला, आणि नावापुढं एक ठिपका. ग्राहक खूश असेल तर हिरवा, रागावला असेल तर लाल. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. लिहून लिहून दुखणारी बोटं मोकळी झाली. आता मेजर "पीठ वाईच जाड येतंय" म्हणाले की ते "पीठ वाईट जाड येतंय" असं लिहायचं, पण तेवढं मी दुरुस्त करायचे.

ठिपका मात्र दर वेळी लाल. मेजर पट्ट्याबद्दल बोलोत, नाहीतर यंदा पाऊस बरा झाला म्हणोत. आणि नव्या आवृत्तीत आणखी एक सोय होती. जो ग्राहक आपल्याला सोडून जाईल असं वाटतं, त्याचं नाव ती साहेबांच्या पडद्यावर सगळ्यात वर आणून ठेवायची.

साहेब पुण्याहून नवीन आलेले, मनाचे चांगले. एके दिवशी काळजीनं माझ्या टेबलापाशी आले.

"हे पाटणचे गृहस्थ सतत संतापलेले दिसतात. आपण काय केलंय त्यांचं?"

"सर, त्यांचा आवाजच तसा आहे."

"तरी एकदा जाऊन येऊ. तुमची ओळख आहे, तुम्हीही चला."

साहेबांनी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला, गिरणी दुरुस्त करणारा माणूस घेतला आणि आम्ही उंब्रजवरून पाटणला निघालो. फोनवरच्या माणसाला मी पहिल्यांदाच भेटणार होते. सबंध रस्ताभर मी उगीचच पदर सारखा करत होते.

गिरणी चालू होती. नाचणीचे डबे घेऊन बायका बसल्या होत्या. पिठानं पांढरे झालेले मेजर पुढं आले. साहेबांनी हात जोडले.

"झालेल्या त्रासाबद्दल माफी मागायला आलोय."

"माफी? काय केलंसा तुमी?" मेजर दचकून म्हणाले.

मागून त्यांच्या मंडळींनी, म्हणजे काकूंनी, गिरणी बंद केली. घरघर थांबली आणि त्या शांततेत मेजरांचा आवाज तसाच्या तसा उरला.

"गिरण लय झ्याक हाय! माझी कसलीच तक्रार न्हाई!"

डबेवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काकू म्हणाल्या, "आवं, फोनवर तुमी वरडताय. रागावलाय वाटून आल्यात ती."

साहेबांनी आपल्या मोबाईलवर ठिपका दाखवला. मेजरांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग ते डब्यांच्या शेजारी खाली बसले.

"म्हंजी ऐकणाऱ्याला मी रागावलोय असं वाटतं व्हय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा उतरला. "नातू फोनवर बोलत न्हाई माझ्याशी. लगीच आईकडं देतो. मला वाटलं, लाजतोय."

काकूंनीच सांगितलं, "भितंय त्ये. तोफंशेजारी राहून तुमचं कान गेल्यात. किती डाव म्हनलं, मिरजंला दवाखान्यात दाखवूया."

साहेबांनी पुडा सोडून पेढा मेजरांच्या हातावर ठेवला. काकूंनी जेवल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. निघताना साहेब मेजरांजवळ वाकून, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "मिरजेला जायचं ठरलं तर सांगा, गाडी देतो." परतताना गाडीत म्हणाले, माझे वडीलही असेच बोलतात.

मेजर मिरजेला जाऊन आले. त्यानंतरचा पहिला फोन मला ओळखूच आला नाही. गिरणीची घरघर नव्हती, कुणी तरी हळू आवाजात म्हणत होतं, "पोरी, यंत्र बसीवलं कानात. काल नातू बोलला. शाळंतलं समदं सांगितलं बघ त्यानं."

ठिपका हिरवा झाला. मी तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही दाखवला. त्या नुसत्या हसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मला आनंद झाला होताच. तरी त्या आठवड्यात दोन-तीनदा वाटून गेलं, की तो दणदणीत "हॅलो" आता काही कानावर पडायचा नाही.

सांगलीला यायच्या आधी मी नवऱ्याला घेऊन मेजरांच्या गावी गेले. दिवाळीची सुट्टी होती आणि मेजरांच्या मुलाचं कुटुंब आलं होतं. गिरणीच्या कट्ट्यावर मेजर आणि नातू शेजारी शेजारी बसले होते. बर्फात खेचरांवर लादून तोफ वर कशी चढवायची ते आजोबा सांगत होते, आणि पोरगं मध्येच थांबवून, "पण खेचरं घसरत न्हाईत?" असं विचारत होतं. आत काकूंच्या भाकरी होईपर्यंत आम्हीही तिथंच टेकून ऐकत राहिलो.